स्पॅनिश-इंग्रजी फॉस्टर प्रोग्रॅममधून फॉस्टर पालक होणं : आमचा अनुभव, आणि तुमचे प्रश्न

मुग्धा_सॅनहोजे

नमस्कार मंडळी. गेले काही महिने बऱ्याच जणींनी मेसेज करून विचारलं की तुम्ही फॉस्टर पालक (म्हणजे जी मुलं सध्या आपल्या आईवडिलांकडे राहू शकत नाहीत त्यांना काही काळ आपल्या घरी सांभाळणारे) कसे झालात, आपल्या लोकांना घेतात का, घर किती मोठं लागतं, वगैरे. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच धागा काढते.

आधी एक सांगते. मुलांची नावं, त्यांचं मूळ गाव, आईवडिलांचं काय झालं होतं यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. वयंसुद्धा थोडी बदलली आहेत. फोटो तर नाहीच. ती गोष्ट त्या मुलांची आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. मी, नवरा आणि आमचा ११ वर्षांचा मुलगा. मी पुण्यात कॉलेजला असताना स्पॅनिशच्या परीक्षा दिल्या होत्या, नंतर इथे येऊन शेजारपाजार, मुलाची शाळा, बाजार यात ती बोलती राहिली. नवऱ्याला साइटवरच्या लोकांमुळे कामापुरती येते. घराजवळच्या लायब्ररीत एका शनिवारी पोस्टर बघितलं, स्पॅनिश बोलणारी फॉस्टर कुटुंबं हवी आहेत, माहितीसत्र दोन्ही भाषांत, लहान मुलांना घेऊन आलात तरी चालेल. तिथे गेलो तर वीसेक लोक होते, बहुतेक मेक्सिकन आणि सेंट्रल अमेरिकन घरांतले, आणि आम्ही दोघं. मला वाटलं विचारतील तुम्ही इथे कसे. कोणी विचारलं नाही, फक्त भाषा येते ना, एवढंच विचारलं.

आता प्रोसेस. कॅलिफोर्नियात २०१७ पासून सगळ्यांना एकच मंजुरी लागते, तिला रिसोर्स फॅमिली अप्रूव्हल म्हणतात, म्हणजे मुलाचा सख्खा मामा असो की आमच्यासारखे परके, आणि तुम्ही फॉस्टर करणार की पुढे दत्तक घेणार, मंजुरी तीच. ती थेट काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारकडून, घेता येते किंवा सरकारमान्य एजन्सीकडून. आम्ही एजन्सी घेतली कारण त्यांच्याकडे स्पॅनिश बोलणारी सोशल वर्कर होती आणि रात्रीबेरात्री फोन उचलणारा माणूस होता.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे बोटांचे ठसे घेतात, त्याला लाइव्ह स्कॅन म्हणतात. भारतातून सहा महिने येऊन राहणाऱ्या सासूबाईंचेही घेतले, हे लक्षात ठेवा, त्यांना आधी नीट समजावून सांगा नाहीतर त्यांना उगाच वाटतं आपण काय गुन्हा केलाय. टीबीची टेस्ट, डॉक्टरचा दाखला, ओळखीच्यांची पत्रं, सीपीआर आणि फर्स्ट एड. ट्रेनिंग राज्याच्या नियमाने मंजुरीआधी किमान १२ तास, नंतर दरवर्षी ८, आमच्या एजन्सीने त्याहून बरंच जास्त घेतलं. एका खोलीत दोनापेक्षा जास्त मुलं नाहीत. औषधं, फिनाइल, ब्लीच सगळं कुलपात. माझा मसाल्याचा डबा बघून घर तपासायला आलेली बाई म्हणाली हे चालेल, पण शेजारची आयोडेक्सची बाटली आत ठेवा.

मग मुलाखती. हा भाग मला सगळ्यात जड गेला. तुम्ही लहानपणी मार खाल्लात का, तुमच्या घरी भांडण झालं की कोण गप्प बसायचं, तुमचं कोण गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत. नवरा आणि मी पंधरा वर्षं संसार केला पण काही उत्तरं मी त्याच्याकडून तिथे पहिल्यांदा ऐकली.

पोस्टर बघितल्यापासून मंजुरीपर्यंत आम्हाला सात महिने लागले. विचारा आता.

रेवा७

मुग्धा, खूप छान लिहिलंयस. मला एकच विचारायचंय, पहिलं मूल आलं तो दिवस कसा होता? मी गेली दोन वर्षं याचा विचार करतेय पण त्या पहिल्या दिवसाची भीती वाटते.

मुग्धा_सॅनहोजे

रेवा, दिवस नव्हता, रात्र होती. पावणेअकराला फोन, भाऊ-बहीण आहेत, सहा आणि तीन वर्षांची, स्पॅनिश बोलतात, घ्याल का. आम्ही हो म्हणालो आणि ती एक वाजता आली. दोघांचं मिळून सामान कचऱ्याच्या एका काळ्या पिशवीत होतं. मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं की मुलं अशीच येतात, पण ती पिशवी आपल्या हॉलमध्ये ठेवलेली बघणं वेगळं असतं. आता आम्ही कपाटात दोन कोऱ्या बॅगा कायम ठेवतो.

धाकटा माझ्याकडे यायला तयार नव्हता, ताईच्या शर्टाचं टोक धरून उभा. त्यांना दूध दिलं, खोली दाखवली, दिवा बंद करून दार अर्धं उघडं ठेवून बाहेर आले. पाच मिनिटांनी आतून अगदी हळू आवाज आला, "आकी से पुएदे प्रेंदेर ला लूस?" म्हणजे, इथे दिवा लावायला परवानगी आहे का. लावते का असं नाही विचारलं, परवानगी आहे का. मी म्हटलं हो, सगळी रात्र ठेव लावून. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा, मग बाथरूम कुठे ते, मग उद्या शाळा आहे का, आणि साडेतीनला झोपली.

मी नंतर खूप वेळा विचार केला, मला स्पॅनिश आली नसती तर? ती वाईट वागणाऱ्या घरात नक्कीच नसती, चांगल्याच घरात असती, पण अंधारात पडून राहिली असती आणि कोणाला कळलंच नसतं.

बाळासाहेब_सातारकर

ताई तुमचं कार्य मोठं आहे. पण एक स्पष्ट विचारतो राग नसावा, सवय लागल्यावर ही मुलं परत पाठवायची म्हणजे काय होत असेल जिवाचं, आणि ज्या आईबापांनी हाल केले त्यांच्याकडेच परत का पाठवतात? दत्तक घेऊन का टाकत नाहीत?

मुग्धा_सॅनहोजे

बाळासाहेब, राग कसला, हाच प्रश्न माझ्या आईने विचारला होता.

फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे. कोर्टाचं पहिलं उद्दिष्ट मूल परत घरी जावं हेच असतं. आईवडिलांना एक प्लॅन देतात, व्यसन सोडवायचं, समुपदेशन, राहायला नीट जागा, क्लासेस, आणि कोर्ट दर सहा महिन्यांनी बघतं. त्यांनी नाही केलं तर पुढचा विचार. १९९७चा केंद्रीय कायदा आहे त्यानुसार मूल शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टरमध्ये राहिलं तर साधारणपणे आईवडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावा लागतो, त्याला अपवाद आहेत. म्हणजे कायमचं लटकत ठेवत नाहीत, पण आईबापांना संधी मिळते. आणि सगळ्यांनी हाल केलेले असतात असं नाही हो. कितीतरी केसेस दुर्लक्षाच्या असतात, त्यामागे गरिबी, आजारपण, घर जाणं, एकटी आई दोन नोकऱ्या करते, असं बरंच असतं.

जिवाचं काय होतं ते खाली लिहिते, आधी एक चूक सांगायचीय, कारण त्यासाठीच हा धागा काढलाय खरं तर.

धाकटा तीन वर्षांचा. आम्ही त्याला चांगल्या डेकेअरमध्ये घातलं, जवळ होतं, बायका प्रेमळ होत्या, सगळं इंग्रजी. आमचा मुलगाही त्याच्याशी इंग्रजीत खेळायचा. चार महिन्यांत पोरगा फडाफडा इंग्रजी बोलायला लागला आणि आम्हाला केवढं कौतुक, मी तर सोशल वर्करला अभिमानाने सांगितलं. मग एका भेटीला मी त्याला सोडायला गेले. आठवड्यातून दोनदा आईची भेट असते, देखरेखीखाली. आईने त्याला जवळ घेतलं, विचारलं आज काय जेवलास, आणि तो इंग्रजीत सांगत सुटला, भात, चिकन, कोणाशी भांडण झालं, सगळं. तिला इंग्रजी येत नाही. ती हसत हसत मान हलवत होती आणि तिने मुलीकडे बघितलं, मुलीने भाषांतर केलं. सहा वर्षांची मुलगी आपल्या आईला आपल्या भावाचं बोलणं समजावून सांगत होती. आईचा चेहरा मी विसरू शकत नाही.

मंडळी आपण इथे परदेशात राहणारे हे चांगलं ओळखतो. आजी व्हिडिओ कॉलवर विचारते जेवलास का रे बाळा आणि नातू म्हणतो या आय डिड, आणि आपण मध्ये दुभाषे. फरक एवढाच की आजीकडे आपण दोन वर्षांनी जातो, त्या मुलाला त्या आईकडे कायमचं जायचं होतं. आणि आम्ही प्रेमाने, काळजीने, त्याच्या तोंडातून आईची भाषा काढून घेत होतो. ज्या प्रोग्रॅमने आम्हाला भाषेसाठी निवडलं त्याच घरात हे झालं. एजन्सीनेही वेळेवर विचारलं नाही पण मी त्यांना दोष देत नाही, घर आमचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात रात्रीचं जेवण फक्त स्पॅनिशमध्ये. माझ्या मुलाने सुरुवातीला कुरकुर केली, मग त्याला मजा यायला लागली कारण धाकटा त्याच्या चुका सुधारायचा. लायब्ररीत स्पॅनिश गोष्टींचा तास असतो तिथे दर आठवड्याला. डेकेअर बदललं, वीस मिनिटं लांबचं, एका ग्वाटेमालाच्या बाईंचं घरगुती. आणि आईलाच विचारलं की तुम्ही झोपताना काय म्हणता, तिने फोनवर दोन गाणी रेकॉर्ड करून दिली, सोशल वर्करच्या परवानगीने. पडलं लागलं की ती "साना साना, कोलिता दे राना" म्हणते, म्हणजे बेडकाच्या शेपटीला बरं वाटू दे, आपल्या आल्या मंतर कोल्या मंतरचीच बहीण. ते आम्ही सगळे म्हणायला लागलो.

दोन महिन्यांनी तो भेटीला स्वतःहून आईशी स्पॅनिशमध्ये भांडला, बिस्किटावरून. त्या दिवशी आई रडली आणि मीही गाडीत बसून रडले.

चांदणी_ऑस्टिन

वाचून थांबले काही वेळ. मी टेक्सासमध्ये शाळेत काम करते. एक भर घालते, स्पॅनिश येते म्हणजे झालं असं समजू नका. ग्वाटेमालाहून किंवा मेक्सिकोच्या ओआहाकाहून आलेल्या काही कुटुंबांत मूळ भाषा माम, कीचे किंवा मिश्तेको असते, स्पॅनिश त्यांचीही दुसरी भाषा. आमच्याकडे एक मुलगा होता, तो गप्प बसायचा, सगळे म्हणायचे लाजाळू आहे. तो लाजाळू नव्हता, त्याला शिक्षिकेची स्पॅनिशसुद्धा अर्धीच कळत होती. मूल घरी आलं की पहिल्याच दिवशी विचारा, घरी आजी कोणत्या भाषेत बोलते. आई नाही, आजी. उत्तर वेगळं येतं.

मुग्धा_सॅनहोजे

चांदणी, आजीचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. हे कोणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही. थँक्यू.

निळी_शाई

आमच्याकडे शुद्ध शाकाहारी घर आहे आणि गणपती, नवरात्र सगळं असतं. अशा घरात फॉस्टर मूल ठेवता येईल का? की आपण अर्जच करू नये?

मुग्धा_सॅनहोजे

अर्ज करा की. पण आधी घरात बसून प्रामाणिकपणे ठरवा. कॅलिफोर्नियात फॉस्टर मुलांच्या हक्कांचा कायदाच आहे, त्यात स्वतःच्या आवडीच्या धर्माच्या प्रार्थनेला जाण्याचा किंवा न जाण्याचा हक्क येतो, पुरेसं आणि सकस जेवण येतं. मूल आयुष्यभर चिकन खात आलंय आणि ज्या आठवड्यात सगळं हरवलं त्याच आठवड्यात ताटातलंही गेलं, असं नको ना. आम्हीही घरात फक्त अंडी खायचो. आता एक वेगळी कढई आहे आणि माझा नवरा चिकन शिजवायला शिकला. सासूबाईंनी पहिले दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, तिसऱ्या दिवशी धाकटा त्यांच्या मांडीवर बसला होता, मग त्याच म्हणाल्या पोराला भूक लागलीय, ते तुमचं काय असेल ते करा.

गणपतीत मुलीला विचारलं, तिला आरतीत झांजा वाजवायच्या होत्या. रविवारी ती चर्चला जायची, मीच सोडायचे. दोन्हीत तिला काही अडचण दिसली नाही.

आणि शेवया! त्यांच्याकडे सोपा दे फिदेओ असतं. बारीक शेवया तेलात लालसर परतायच्या, टोमॅटो-कांदा-लसूण वाटून त्यात घालायचा, पाणी, मीठ, उकळी. मी शेवयांच्या उपम्यासाठी कढईत शेवया परतत होते, फोडणीच्या आधीच, तर मुलगी वासावर खोलीतून धावत आली आणि म्हणाली, फिदेओ? त्या दिवशी उपमा झाला नाही.

तुषार_पिंपरी

पैसे मिळतात का? विचारायला बरं वाटत नाही पण खर्च बराच असेल.

मुग्धा_सॅनहोजे

बरं न वाटण्यासारखं काही नाही. दरमहा रक्कम मिळते, वय आणि मुलाच्या गरजेनुसार, आणि साधारणपणे ती उत्पन्नात धरली जात नाही. औषधपाणी मेडी-कॅलमधून, म्हणजे राज्याच्या सरकारी आरोग्य विम्यातून. पाच वर्षांखालच्या मुलाला विक (WIC) या सरकारी पोषण प्रोग्रॅममधून दूध, अंडी, धान्य. तुमचा स्वतःचा घरखर्च मात्र तुमच्या कमाईत भागायला हवा, ते तपासतात.

शैलजा_नाशिक

मी बालसंरक्षणाच्या कामात होते, भारतातल्यांसाठी थोडक्यात लिहिते कारण मेसेज येत असतील तर इकडूनही येतील.

आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ मध्ये फॉस्टर केअर आहे. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फक्त विवाहित जोडपी घेऊ शकत होती, २०२४ च्या सुधारित सूचनांमध्ये ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही परवानगी आहे, पण एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. सहा वर्षांवरची, संस्थेत राहणारी मुलं. दोन वर्षं संगोपन केल्यावर दत्तकाचा अर्ज करता येतो, आधी पाच वर्षं लागायची. नोंदणी कारा या केंद्र सरकारच्या दत्तकविषयक संस्थेच्या पोर्टलवर, पुढचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समितीकडे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० रुपये. महाराष्ट्रात नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे राहणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना वेगळी आहे, तिची रक्कम २०२३ मध्ये ११०० वरून २२५० झाली.

आणि मुग्धाताईंनी भाषेचं जे लिहिलं ते इथेही तंतोतंत लागू आहे. नंदुरबारकडचं पावरी बोलणारं पोर, मेळघाटातलं कोरकू बोलणारं पोर शहरातल्या संस्थेत आलं की सहा महिन्यांत मराठी बोलायला लागतं आणि सगळे म्हणतात रुळलं. सुट्टीत घरी गेल्यावर आजीशी काय बोलतं हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो. मी नोकरीत असताना हा कॉलम आमच्या फॉर्मवर होता, मातृभाषा, आणि आम्ही तिथे सवयीने मराठी लिहीत गेलो. आज वाचून मला तो फॉर्म डोळ्यासमोर आला.

बाळासाहेब_सातारकर

शैलजाताई माहितीबद्दल आभारी आहे. मुग्धाताई, जिवाचं काय होतं ते लिहिणार होता.

मुग्धा_सॅनहोजे

हो, राहिलं ते.

मुलं आमच्याकडे तेरा महिने होती, मग आईकडे गेली. आठ दिवस आधीपासून मुलगी रोज विचारायची किती झोपा उरल्या. मी कॅलेंडर केलं, ती रोज एक चौकोन रंगवायची. तिचा आनंद बघून आनंद व्हायचा आणि रात्री बेसिनपाशी भांडी विसळताना रडू यायचं, दोन्ही एकाच दिवशी. माझा मुलगा शेवटच्या दिवशी शाळेत गेला नाही. त्याला मुलाखतीत कोणी विचारलं नव्हतं, तू हे सहन करू शकशील का. आम्हीही नीट विचारलं नव्हतं. तो पुढे दोन महिने चिडचिडा होता, एजन्सीच्या समुपदेशकाकडे त्यालाही नेलं. ज्यांना स्वतःची मुलं आहेत त्यांनी हे धरून चाला.

माझ्या आईला मी रडून फोन केला तेव्हा तिने मला एक आठवण सांगितली, जी मला माहीतच नव्हती. माझे आजोबा वार लावून शिकले होते. सात घरं, सात दिवस. सोमवारच्या घरातल्या काकू त्यांना ताकाची कढी वाढायच्या कारण त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुझी आई काय करते रे. आजोबा म्हातारपणीही सोमवारी कढी मागायचे. आई म्हणाली, त्या काकूंचं नाव आम्हा कुणाला माहीत नाही. एवढंच म्हणाली आणि मग नेहमीसारखं हवापाणी.

त्यानंतर आमच्याकडे दोनदा थोड्या दिवसांसाठी मुलं आली, आणि आता एक बारा वर्षांची मुलगी आहे. मोठ्या मुलांना घरं मिळत नाहीत हो, सगळ्यांना लहान हवी असतात. शक्य असेल तर मोठ्यांचा विचार करा.

बाळासाहेब_सातारकर

ताई निःशब्द. माझे वडीलही वारावर जेवले आहेत. आज आईला विचारतो कोणाकोणाकडे.

रेवा७

मुग्धा, आम्ही ठरवलं. न्यू जर्सीत आहोत, इथलीही माहितीसत्रं ऑनलाइन असतात, पुढच्या मंगळवारचं नाव नोंदवलं. माझी स्पॅनिश तोडकीमोडकी आहे, नवऱ्याला अजिबात नाही. मला गुजराती, हिंदी चांगली येते. सांगू का फॉर्ममध्ये?

मुग्धा_सॅनहोजे

सगळ्या सांग. गुजराती, हिंदी, मराठी, तोडकी स्पॅनिश पण. आपली मुलंसुद्धा येतात गं सिस्टिममध्ये, आपण मानत नाही एवढंच, आणि रात्री एक वाजता एखाद्या पोराला हिंदीत दिवा कुठे आहे सांगणारं कोणी हवं असेल तर त्यांच्याकडे तुझं नाव असू दे.

आणि औषधांसाठी कुलूपवाली पेटी आत्ताच घेऊन ठेव, आकड्यांचं कुलूप घे, चावीवाली नको. मी चावी तीनदा हरवली.

रेवा७

आकड्यांची घेते. आणि दोन बॅगा.